मिरवणुकीचा मान : इंदूरच्या नगररचनेचे गौरव

१९९८ च्या ऑक्टोबर महिन्यात स्पेनमधील ग्रनाडा या शहरी, अलहाम्ब्राच्या मध्ययुगीन राजवाड्यात, आगाखान वास्तुकला पुरस्कारांचे वितरण झाले. त्या खेपेस गौरवासाठी निवडलेल्या कामांची संख्या अवघी सात होती, आणि त्यांतील तीन भारतातील होती. पहिले इंदूर शहराच्या झोपडवस्त्यांमधील सुधारणेचे, दुसरे भोपाळच्या विधानभवनाचे, आणि तिसरे खानदेशातील चोपडे तालुक्यातल्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाचे. सातपुडा आणि विंध्य यांच्या आसपासच्या मुलखाला एकाच वेळी एवढा मान त्यापूर्वी मिळाला नव्हता. रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या मराठी टापूतील वाचकाला तर ही तिन्ही नावे घरचीच. १९५६ पर्यंत या टापूचा कारभार नागपूरहून चाले. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाड्याचा हा मराठी भाग मध्य प्रदेशात राहिला, आणि राजधानी म्हणून नागपूरऐवजी भोपाळकडे पाहण्याची सवय त्याला लावून घ्यावी लागली. इंदूर हे तर होळकरांचे, म्हणजे मराठी दरबाराचे शहर. अशा शहराच्या रचनेला जगाने दिलेल्या मानाचा इतिहास सांगू लागले, की प्रारंभ मात्र १९९८ पासून करून भागत नाही. तो ऐंशी वर्षे मागे, एका दिवाळीपासून करावा लागतो.

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. झाडाझुडपांचा अभ्यास करता करता ते शहरांच्या अभ्यासाकडे वळले आणि १९१४ मध्ये नगररचनेचे आपले प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात येण्यास निघाले. प्रदर्शनाचे सामान ज्या जहाजावर होते ते ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तरी गृहस्थ खचले नाहीत. नवे सामान जमवून त्यांनी प्रदर्शन मांडले आणि पुढील काही वर्षांत देशातील अनेक गावांचे अहवाल लिहिले. तत्कालीन मध्य प्रांतातील जबलपूरचा अहवाल १९१७ चा आहे. त्यांची पद्धत त्या काळच्या सरकारी इंजिनियरांना पटण्यासारखी नव्हती. जुन्या पेठेतून सरळ रुंद रस्ता काढावयाचा आणि आड येईल ते घर पाडावयाचे, हा त्या वेळचा रूढ मार्ग. गेडिस म्हणत, रोग्याला वाचवावयाचे तर शस्त्रक्रिया बेताची हवी : एखादे पडके घर काढावे, तेथे मोकळी जागा ठेवावी, विहीर दुरुस्त करावी, झाड लावावे आणि बाकीची पेठ नांदती राहू द्यावी. अंगणातील तुळशीवृंदावन त्यांना घराच्या आरोग्याची खूण वाटे. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनीच पारखले, आणि १९२४ नंतर तो विभाग घुर्यांनी सांभाळला. महाराष्ट्रातील समाजशास्त्राच्या परंपरेचे एक मूळ अशा रीतीने एका नगररचनाकाराच्या पायपिटीत सापडते.

तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या निमंत्रणावरून गेडिस इंदुरास आले तेव्हा शहर प्लेग आणि हिवतापाने गांजलेले होते. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा दाढीवाला म्हातारा साहेब लोकांना अपशकुनी वाटू लागला. नकाशा आला की मागोमाग घरे पाडणारे येतात, हा अनुभव होताच. ‘प्लेग आणणारा साहेब तो हाच’, असे लोक त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणत, अशी हकीकत आहे. घरोघरची भीती अशी असता स्वच्छतेचे हुकूम काढून काय साधणार? गेडिसांनी वेगळीच मागणी केली. एका दिवसापुरते आपणास महाराज करावे, असे त्यांनी दरबारास सुचविले, आणि ती मागणी मान्य झाली.

१९१७ च्या दिवाळीच्या आधी शहरात जाहीर करण्यात आले की, या वर्षीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागात सर्वांत अधिक घरे झाडून, रंगवून, दुरुस्त करून ठेवलेली आढळतील, त्या भागातून ती जाईल. घराघरांतील व परसांतील कचरा फुकट वाहून नेण्याची व्यवस्थाही केली गेली. एरवी वर्षानुवर्षे परसात साचलेला केर बाहेर पडू लागला. सहा हजारांवर खेपा कचरा शहराबाहेर गेला, अशी नोंद मिळते. पेठापेठांत चढाओढ लागली. मिरवणूक आपल्या दारावरून जावी, याहून मोठी हौस दिवाळीत दुसरी कोणती असणार!

मिरवणुकीत आरंभी हत्ती, घोडे, उंट आणि सैन्य होते. मागून सुगीचे आणि लक्ष्मीचे देखावे. मग वाद्यांचा सूर एकाएकी खिन्न झाला आणि राक्षस आले : अस्वच्छतेचा अजस्र राक्षस, मोडक्या झोपड्यांचे देखावे आणि प्लेगचा भला थोरला उंदीर. त्यानंतर थोडी जागा मोकळी सोडलेली होती. तीनंतर वाद्ये पुन्हा उल्हासाने वाजू लागली आणि शहरातले झाडूवाले आले. पांढरीशुभ्र वस्त्रे, डोक्याला नवी पागोटी, झाडूंना फुलांच्या माळा. ज्यांची सावलीही टाळावी अशी त्या काळची रीत, ते लोक राजाच्या मिरवणुकीत मानाने चालत होते. त्यांच्यामागून एक नवी देवता आली. तिचे नाव ‘इंदूर नगरी’, आणि तिच्या ध्वजावर होता शहराचा नवा आराखडा. सोबत पुढे बांधावयाच्या इमारतींच्या प्रतिकृती होत्या. त्यांत संग्रहालय होते, नाट्यगृह होते, आणि सार्वजनिक ग्रंथालयही होते. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन होऊन शोभेचे दारूकाम झाले. त्यानंतर प्लेग ओसरला. त्याचे श्रेय मिरवणुकीला देताना एवढे ध्यानी ठेवावे की, साथीचा मोसमही तेव्हा सरत आलेला होता. पण लोकांच्या मनातील भीती ओसरली, याचे श्रेय निःसंशय गेडिसांचे. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. नदीकाठ, मैला-सांडपाण्याचा बागांसाठी उपयोग, गिरणी कामगारांची घरे, विद्यापीठाची कल्पना असे नाना विषय त्यात आहेत.

या प्रसंगाकडे आजवर मौजेची आठवण म्हणून पाहिले गेले. वस्तुतः नगररचनेच्या गौरवाचा तो एक अपूर्व प्रकार होय. त्यात ना पदक होते, ना मानपत्र. मान मिळाला तो आराखडा काढणाऱ्याला नव्हे, तर पेठेतील रहिवाशांना आणि झाडूवाल्यांना. आणि काम आधी झाले, मान नंतर आला. पुढच्या गौरवांची परीक्षा या मापाने करून पाहण्यासारखी आहे.

आगाखान पुरस्काराची स्थापना १९७७ ची; पहिले वितरण १९८० मध्ये झाले आणि तेव्हापासून तो साधारणतः दर तीन वर्षांनी दिला जातो. ज्या समाजांत मुसलमानांची लक्षणीय वस्ती आहे, तेथील वास्तुकामे त्याच्या कक्षेत येतात. त्याचे दोन नियम नावाजण्याजोगे आहेत. इमारत प्रत्यक्ष वापरात आल्यानंतरच तिचा विचार होतो आणि जाणकार माणूस जागेवर जाऊन पाहणी करतो. शिवाय गौरवात वास्तुविशारदाबरोबर काम करवून घेणारी संस्था आणि कारागीर यांनाही वाटा मिळू शकतो.

इंदूरला हा मान प्रथम १९९५ मध्ये मिळाला, तो अरण्य या वसाहतीमुळे. तिचे रचनाकार बाळकृष्ण दोशी हे पुण्यात १९२७ मध्ये जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले आणि पॅरिसमध्ये ल कोर्बुझिए यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या सुमारे ८५ हेक्टर जागेवर इंदूर विकास प्राधिकरणासाठी त्यांनी सुमारे साडेसहा हजार भूखंडांची वसाहत आखली. त्यांतील बहुसंख्य भूखंड अगदी गरिबांसाठी होते. लहानात लहान अवघा ३५ चौरस मीटरचा. गरीब कुटुंबास तयार घर न देता जोते, संडास-मोरी आणि नळ द्यावयाचा, आणि पुढचे घर त्याने ऐपतीप्रमाणे, सवडीने वाढवावयाचे, ही त्यामागील दृष्टी. नमुना म्हणून ऐंशी घरे मात्र दोशींनी बांधून दाखविली. ओटे, बाहेरचे जिने, सज्जे, अरुंद सावलीच्या गल्ल्या यांची ती घरे पाहिली, की जुन्या माळव्यातील एखाद्या गल्लीची आठवण होते. हिंदू, मुसलमान आणि जैन कुटुंबे तेथे शेजारी नांदतात, याची परीक्षकांनी आवर्जून दखल घेतली. २०१८ मध्ये दोशींना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळविणारे ते पहिले भारतीय. तेव्हाही जगाच्या तोंडी त्यांच्या कामांपैकी जी नावे आली त्यांत अरण्य होते. २०२३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. घर रहिवाशानेच पुरे करावे ही त्यांची अपेक्षा इतकी पुरी झाली आहे, की मूळ आखणी ओळखणेही अनेक ठिकाणी कठीण जाते. काही जण याला रचनेचा पराभव म्हणतात. ते पटण्यासारखे नाही.

१९९८ च्या तीन कामांपैकी चोपड्याच्या रुग्णालयाविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरे, कारण ते शहराचे काम नव्हे. लासूर येथे १९८० नंतरच्या दशकात येन्स नव्हे, यान ओलाव येन्सन आणि पेर क्रिश्चन ब्रिनिल्डसेन या दोन तरुण नॉर्वेजियनांनी स्थानिक दगड-विटांत, मधल्या बागेभोवती, कमानदार छपराच्या खोल्या बांधल्या. गावाने बाहेर टाकलेल्या माणसांना त्या बंदिस्त अंगणात सुरक्षित वाटावे, एवढाच त्यांचा आग्रह.

भोपाळचे विधानभवन ही चार्ल्स कोरिया यांची कृती. सौंसर आणि पांढुर्णा या मतदारसंघांचे प्रतिनिधी याच वास्तूत बसतात. अरेरा टेकडीवरील ही वास्तू वर्तुळाकार असून तिची आतील विभागणी नऊ खणांची आहे : मधले पाच खण अंगणांचे व दालनांचे, आणि चार कोपऱ्यांत विधानसभा, विधान परिषद, संयुक्त सभागृह व ग्रंथालय. सभागृहाच्या घुमटात सांचीच्या स्तूपाची आठवण आहे, आणि आत पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांची भित्तिचित्रे आहेत. यातील गंमत अशी की, ज्या विधान परिषदेसाठी एक सबंध कोपरा राखला गेला ती परिषद मध्य प्रदेशात कधी अस्तित्वातच आली नाही. सुदैवाने ग्रंथालयाच्या कोपऱ्यावर तसा प्रसंग आला नाही.

तिसरे काम मात्र सर्वांत विचार करावयास लावणारे. इंदुरातील झोपडवस्त्या बहुतांशी खान आणि सरस्वती या नद्यांच्या व नाल्यांच्या काठी वसलेल्या. इंजिनियर हिमांशु पारीख यांनी यातून एक चतुर युक्ती काढली. पाणी उताराने वाहते, आणि उतारावरच गरिबांच्या वस्त्या आहेत. मग सबंध शहराच्या भुयारी गटारांचे जाळे याच वस्त्यांतून न्यावे. वस्तीला गटार मिळेल, रस्ता मिळेल. शहराला स्वच्छ नदी मिळेल. वस्ती ही शहराचा डाग नसून शहर सुधारण्याचा धागा आहे, असा हा विचार. ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने १९८९ पासून विकास प्राधिकरणाने ही योजना १८३ वस्त्यांत राबविली. १९९३ मध्ये तिला जागतिक अधिवास पुरस्कार मिळाला, आणि १९९८ मध्ये आगाखान पुरस्कार.

गौरवाचा गजर चालू असतानाच एक विरोधी सूर निघाला. नियोजनतज्ज्ञ गीता दिवाण वर्मा यांनी त्याच वस्त्यांत हिंडून जे लिहिले, आणि २००२ मध्ये आपल्या इंग्रजी ग्रंथात जे विस्ताराने मांडले, ते पुरस्काराच्या मानपत्राशी जुळणारे नव्हते. गटारे पडली पण पुष्कळ घरे त्यांना जोडलीच गेली नाहीत. जोडली तेथे ती तुंबली आणि घाण पाणी उलटे घरात येऊ लागले. पुढे शुद्धीकरणाची जी सोय हवी होती ती झाली नाही. आणि निगा कोणी राखावयाची हे ठरलेच नव्हते. हे आक्षेप कठोर आहेत. योजनेच्या मूळ कल्पनेतील शहाणपण त्यांनी नाहीसे होत नाही, हेही खरे. परंतु जमिनीखालचे काम पाहणाऱ्याला दिसत नाही, आणि गटाराची खरी परीक्षा पाहणीच्या दिवशी नव्हे तर पाचव्या पावसाळ्यात होते. इमारत एक वर्ष वापरली की तिचे गुणदोष उमगतात. गटारांच्या जाळ्याला तो नियम अपुरा पडला. त्या वस्त्यांतील ज्या बायकांच्या उंबऱ्यात मैलापाणी आले, त्यांना ग्रनाडातील सोहळ्याचे काय मोल? गेडिसांच्या मिरवणुकीत नेमके त्यांचेच दार मोजले गेले असते.

इंदूरच्या वाट्याला त्यानंतर आलेला गौरव वास्तुकलेचा नव्हे, स्वच्छतेचा आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये शहरांची स्वच्छता पाहणी सुरू केली. पहिल्या वर्षी म्हैसूर पहिले आले. २०१७ मध्ये, गेडिसांच्या दिवाळीस बरोबर शंभर वर्षे होत असता, ४३४ शहरांत इंदूर पहिले ठरले आणि २०२३ पर्यंत सलग सात वेळा तो क्रमांक त्याने सोडला नाही. हा मान दर वर्षी नव्याने मिळवावा लागतो, हा त्याचा मोठा गुण. दारोदार ओला आणि सुका कचरा वेगळा घेतला जाऊ लागला, देवगुराडिया येथील कचऱ्याचा जुना डोंगर उपसून ती जागा मोकळी केली गेली, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. त्या गॅसवर शहरातील काही बसगाड्या धावतात. गेडिसांच्या वेळी कचरा बैलगाड्यांनी शहराबाहेर गेला होता.