नामस्तोत्रांची हस्तलिखिते (खानदेश)

देवतेची नावे श्लोकांत ओवणारी किंवा एकेक करून मांडणारी स्तोत्रे आणि त्यांच्या हाताने उतरवलेल्या पोथ्या.  खानदेशातील एरंडोल आणि यावल ही दोन्ही गावे पूर्वी हातकागदासाठी नावाजलेली होती. पोथीला लागणारा कागद खानदेशातच होत असे.

सहस्रनाम दोन रूपांत आढळते. स्तोत्र पठणासाठी असते. महाभारताच्या अनुशासनपर्वातील विष्णुसहस्रनाम आणि गणेशपुराणातील गणेशसहस्रनाम ही त्याची परिचित उदाहरणे. नामावली अर्चनासाठी असते. तिच्यात प्रत्येक नाव सुटे काढून चतुर्थी विभक्तीत ठेवतात व ‘नमः’ जोडतात; ‘केशवः’चे ‘केशवाय नमः’ होते. एका नावाला एक तुळशीपान, गणपतीला दूर्वा.

स्तोत्राची नामावली करणे सोपे नाही. श्लोकात नावे संधीने जोडलेली असतात. दोन शब्द मिळून एक नाव धरायचे की दोन, हे ठरवावे लागते आणि हजाराचा हिशेबही जुळावा लागतो. त्यात नावे पुन्हा येतात: शांकरभाष्याच्या क्रमाने ‘विष्णु’ हे नाव 2, 258 आणि 657 अशा तीन जागी आहे, भाष्यात दर वेळी अर्थ वेगळा लावला आहे. म्हणूनच लेखनिकाने नावापुढे ओढलेला दंड हा अर्थनिर्णय असतो. सूचीत अशा पोथीची ‘सहस्रनाम, अपूर्ण’ एवढ्यावर बोळवण झाली की तो निर्णय नोंदीतून निसटतो, आणि हे नुकसान मोठे आहे.

पोथीची पाने सुटी, आडवी. अक्षर बोरूचे, शाई काजळाची. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासून वर दुरुस्ती करीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. रोजच्या पाठातल्या पोथीचा, अंगठा पडतो तो कोपरा काळवंडलेला असतो. अखेरच्या पुष्पिकेत शक, तिथी, लिहिणाऱ्याचे नाव सापडते.

खानदेशात जुनी हस्तलिखिते जपणाऱ्या संस्था धुळ्यात आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात निवर्तले. 1927 मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतून जमवलेली बाडे धुळ्याच्याच समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. बाड म्हणजे शिवलेली वही. तिच्यात आरत्या, पदे, अभंग आणि स्तोत्रे शेजारी शेजारी उतरवलेली असतात.

घरच्या पोथीला चिकटपट्टी किंवा लॅमिनेशन करू नये. सुती रुमालात बांधून ती कोरड्या जागी ठेवावी. छायाचित्रे घेताना पुष्पिकेचे पान आधी घ्यावे. पहिली आणि शेवटची पानेच सर्वांत लवकर झिजतात.