लहान इंजिन कीं मोठें?

प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्या सुमारास मोटार घेणाऱ्या मुंबईकर गृहस्थापुढें दोन टोकांचे नमुने असत. फोर्डच्या 'टी' गाडीचें इंजिन सुमारें २९०० घनसेंटिमीटरांचें, तर ऑस्टिन सेव्हनचें अवघें ७४७. या फरकास रस्त्यांइतकाच सरकारी कर कारण होता. विलायतेंत कराची अश्वशक्ति सिलिंडरांचा व्यास व संख्या यांवरून ठरे. दट्ट्याची धांव हिशेबांत धरीत नसत. साहजिकच तेथील कारखानदारांनीं व्यास आंखडता ठेविला. अमेरिकेंत पेट्रोल स्वस्त व अंतरें मोठीं. तेथें असा संकोच नव्हता.

मुंबईहून भंडारदऱ्यास जावयाचें म्हणजे कसाऱ्याचा घाट चढून सुमारें अडीच हजार फूट उंची गांठावयाची. चढावर लहान इंजिनास खालच्या गिअरांत भरभर फिरावें लागतें. मोठें तोच भार संथपणें ओढतें. मात्र त्या सामर्थ्याचें मोल सपाटीवर, रोजच्या पेट्रोलांत, मोजावें लागतें. आणि भंडारदऱ्याची सहल तर वर्षांतून एकदां!

पुढें हाच प्रश्न वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यापुढें आला. १९४७ पासून तेथें डॉज, प्लिमथ या सहा सिलिंडरांच्या अमेरिकन गाड्या जुळविल्या जात. १९५० नंतर कारखाना फियाटकडे वळला. १०८९ घनसेंटिमीटरांची 'इलेव्हन हंड्रेड' निघाली आणि तिची वंशज पद्मिनी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. घाटांत बॉनेट उघडून रेडिएटर निववीत बसणें पुष्कळ कुटुंबांनीं पत्करलें.