तळाची माती

माझा भाचा गेली काही वर्षं अमेरिकेत, फ्लोरिडात असतो. मागे तो मुलांना घेऊन तिथल्या एका झऱ्यावर पोहायला गेला होता, आणि परत आल्यावर त्याने मला एक फोटो पाठवला. तिथल्या अशा झऱ्यांत, पाण्याखाली गुहेच्या तोंडाशी लावतात त्या फलकाचा. फलकावर काळा झगा घातलेला, हातात विळा घेतलेला मृत्यू उभा आहे आणि खाली पाणबुड्यांचे सांगाडे पडले आहेत. वर लिहिलंय, थांबा. आमच्यासारख्या गुहांत तीनशेहून जास्त माणसं मेली आहेत, त्यांत पोहणं-बुडणं शिकवणारे शिक्षकही होते. आणि शेवटी एक वाक्य आहे, ज्याचा अर्थ असा, की या गुहेत जीव द्यावा असं काहीही नाही.

"मामा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. हे वाक्य खरं आहे का?" असं भाच्याने खाली विचारलं होतं. त्याला बहुधा गंमत करायची होती. मी मात्र महिनाभर त्यातच अडकलो. पुस्तकं मागवली, नातवाकडून इंटरनेटवरचं काढून घेतलं. त्याचंच हे टिपण.

आधी आमच्या विहिरीबद्दल सांगतो, कारण मला हा प्रश्न तिथूनच कळतो. घरातल्यांना ती विहीर माहीत आहे. पाठीला भोपळा बांधून आम्ही सगळे तिथेच पोहायला शिकलो. भोपळा सुटला की पुढची परीक्षा म्हणजे तळाची माती आणणं. बुडी मारायची, तळ गाठायचा आणि मूठभर चिखल वर आणून दाखवायचा. तो दाखवल्याशिवाय कोणी पोहणारा म्हणायचं नाही. पण त्या विहिरीत पायऱ्यांच्या खाली, पाण्यात, एक कपार होती. तिच्याजवळ जायची सक्त मनाई. एका उन्हाळ्यात माझा चुलतभाऊ, दादा, तिच्यात शिरला. आम्ही काठावर मोठ्याने आकडे मोजत होतो. साठापर्यंत सगळे मोजत होते, मग एकेक आवाज गळत गेला. दादा वर आला तेव्हा दोन्ही कोपरं सोलवटलेली होती. आजीने आधी त्याला कवटाळलं आणि मग फडाफडा मारलं. पुष्कळ वर्षांनी मी त्याला विचारलं, आत काय होतं रे? म्हणाला, "काही नव्हतं. पण हे आधी माहीत नव्हतं ना."

असो. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. तो पाण्यात सहजी विरघळत नाही, म्हणून आपल्याकडच्या प्रसिद्ध गुहा माणसांनी छिन्नीने कोरलेल्या आहेत. चुनखडीच्या मुलखात मात्र पाणीच कोरीवकाम करतं. पावसाचं किंचित आम्ल पाणी हजारो वर्षं दगड विरघळवत जातं आणि जमिनीखाली मैलोन्‌मैल बोगदे तयार होतात. त्यातले कित्येक पाण्याने भरलेले असतात. फ्लोरिडा तसा आहे, दक्षिण फ्रान्स तसा आहे, मेक्सिकोचा काही भाग तसा आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये व्होक्लूज नावाचा एक प्रचंड झरा आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक कुंड, आणि त्यातून उसळणारी अख्खी नदी. हे पाणी येतं कुठून, हा प्रश्न तिथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या पडलेला. १८७८ साली मार्सेयचा ओत्तोनेली नावाचा पाणबुड्या पितळी शिरस्त्राण घालून त्यात उतरला आणि २३ मीटरपर्यंत जाऊन आला. पाण्याखालच्या गुहांचा इतिहास साधारण इथून मोजतात.

पण मला भुरळ घातली ती नॉर्बर्ट कास्तरेने. पहिल्या महायुद्धातून परतलेला पंचविशीचा तरुण. १९२२ साली पिरेनीज पर्वताच्या पायथ्याला, मोंतेस्पां गावाजवळच्या गुहेतल्या ओढ्यातून तो आत चालत गेला. पुढे छत खाली आलं आणि पाण्याला टेकलं. इथे शहाणा माणूस मागे फिरतो. याने मोठा श्वास घेतला आणि पाण्याखाली शिरला. ना टाकी, ना नळी, ना कमरेला दोर, आणि बाहेर वाट बघणारं कोणी नाही. हाताने छत चाचपडत गेला आणि काही अंतरावर डोकं पाण्याबाहेर निघालं. हवा होती, पण काळोख असा की काहीच दिसेना. तसाच परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, या वेळी रबरी टोपीत मेणबत्त्या आणि काडेपेटी गुंडाळून. पुढच्या वर्षी, १९२३ मध्ये, एका मित्राला घेऊन तो पुन्हा आत गेला, आणि तिथे त्याला मातीचं एक अस्वल सापडलं. बसलेलं, बिनमुंडक्याचं, अंगावर भाल्याच्या खुणा असलेलं. त्याच्या पुढच्या पायांमध्ये खऱ्या अस्वलाची कवटी पडलेली होती. हिमयुगातल्या माणसांनी घडवलेलं ते अस्वल हजारो वर्षं तसंच तिथे बसून होतं.

आता हे सगळं वर्गात सांगायचं तर मुलांना काय सांगायचं? की असं करू नका? तो मेला असता तर आपण त्याला मूर्ख म्हटलं असतं. तो जगला म्हणून त्याचं नाव पुस्तकात आहे. या विषयात हा प्रश्न सारखा आडवा येतो.

मार्सेयजवळच्या समुद्रात आणखी एक गुहा आहे. तिचं तोंड पाण्याखाली ३७ मीटरवर. तिथून वर चढत जाणारा सुमारे १७५ मीटरचा अरुंद बोगदा आणि शेवटी हवा असलेलं दालन. ऑंरी कोस्केर या पाणबुड्याला ती १९८५ साली सापडली. भिंतींवर घोडे, रानगवे, आणि माणसांच्या हातांचे ठसे. सर्वांत जुने ठसे सुमारे २७,००० वर्षांपूर्वीचे. ते काढणारे अर्थातच पोहत गेले नव्हते. तेव्हा बर्फामुळे समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली होता आणि माणसं कोरड्या पायांनी आत जात होती. १९९१ मध्ये याच गुहेत तीन पाणबुडे वाट चुकून मेले. त्यानंतरच कोस्केरने ही जागा सरकारला जाहीर केली. हातांचे ठसे आणि तीन मृत्यू जगाला एकाच वर्षी कळले. फ्लोरिडातला तो फलक त्या तोंडाशी लावायचा तर शेवटचं वाक्य काय लिहायचं, सांगा.

धोका नेमका कशात आहे, हे मला सुरुवातीला नीट कळत नव्हतं. समुद्रातही माणूस बुडतोच की. मग लक्षात आलं. समुद्रात काही बिघडलं तर वर जाता येतं, गुहेत वर दगड असतो. बाहेर पडायचं तर आला त्याच वाटेने, तेवढंच अंतर परत. तळाला पिठासारखा बारीक गाळ असतो, पायाचा एक फटका बसला की तो उठतो आणि हातातला दिवाही दिसेनासा होतो. नितळ पाणी क्षणात गढूळ. शिवाय खोल गेल्यावर हवेतला नायट्रोजनच गुंगी आणतो, दारू प्यायल्यासारखी, आणि गुंगी आलेल्याला आपण शहाणेच वाटत असतो. वर येतानाही घाई चालत नाही. शरीरात मुरलेला वायू सावकाश बाहेर पडावा म्हणून तासन्‌तास टप्प्याटप्प्याने थांबावं लागतं.

त्याच व्होक्लूजच्या झऱ्यात १९४६ साली जाक कुस्तो आणि त्याचा मित्र द्युमा उतरले. वर फार्ग नावाचा सहकारी दोरी धरून बसला होता. खुणा ठरल्या होत्या. तीन हिसके म्हणजे आणखी दोरी सोड, सहा म्हणजे धोका, वर ओढ. खाली गेल्यावर दोघांच्याही मेंदूवर झापड आली. द्युमा जवळजवळ बेशुद्ध. कुस्तो दोरीला हिसके देतोय, आणि वर फार्गला वाटतंय याला आणखी खोल जायचंय, म्हणून तो दोरी सोडतोय. कुस्तो दोरी धरून चढायला बघतो तर ती खालीच येत राहते. अखेर फार्गला शंका आली आणि त्याने ओढायला सुरुवात केली, म्हणून दोघे वाचले. मागाहून कळलं की हवा भरणारं नवं यंत्र आपलाच धूर आत ओढून घेत होतं. टाक्यांत कार्बन मोनॉक्साइड होता. दोघांना वाचवणारा फार्ग पुढच्याच वर्षी समुद्रात खोल बुडी मारताना गेला.

आता या गोष्टीतल्या मास्तरांकडे येतो. शेक एक्सली. जन्म १९४९चा, माझ्याहून वर्षभराने मोठा. फ्लोरिडातल्या एका शाळेत गणित शिकवायचा. सोळाव्या वर्षी डायव्हिंग सुरू केलं आणि गुहांनी त्याला धरलं ते कायमचं. आयुष्यात चार हजारांहून जास्त वेळा तो पाण्याखालच्या गुहांत उतरला. त्या काळात फ्लोरिडाच्या झऱ्यांत तरुण मुलं भराभर मरत होती. त्यांची प्रेतं काढायला ज्यांना बोलावत, त्यांत एक्सलीही असे.

या माणसाने केलं काय, तर अपघातांचे अहवाल जमवले आणि ते मास्तराच्या नजरेने तपासले. चूक कुठे झाली? एका पेपरात नाही, शंभर पेपरांत तीच चूक कोणती? उत्तरं साधी निघाली. बहुतेकांनी बाहेरपासून आतपर्यंत सलग दोरी लावलेली नव्हती. परतायला पुरेशी हवा राखलेली नव्हती. झेपेल त्यापेक्षा खोल गेले होते. त्यातून त्याने नियम बसवले. दोरी कधी तुटक नको. हवेचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी, आणि उरलेला तिसरा हिस्सा अडचणीसाठी, म्हणजे बहुधा सोबत्यासाठी. १९७९ साली त्याने हे सगळं एका छोट्या पुस्तकात लिहिलं. त्यातलं प्रत्येक प्रकरण एका खऱ्या अपघाताने सुरू होतं आणि मग नियम येतो. आधी चुकलेलं उदाहरण फळ्यावर लिहायचं आणि मग रीत सांगायची! मी छत्तीस वर्षं शिकवलं, पण ही युक्ती मला निवृत्तीच्या जवळ आल्यावर सुचली.

दोरीचा हा नियम किती मोलाचा, ते २०१८ साली साऱ्या जगाने पाहिलं. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २३ जूनला बारा मुलं आणि त्यांचा फुटबॉलचा प्रशिक्षक पुराच्या पाण्याने अडकले. दहाव्या दिवशी, २ जुलैला, रिक स्टँटन आणि जॉन व्होलॅन्थन या दोन इंग्रज पाणबुड्यांना ते सापडले. दोघेही हौशी, एक अग्निशमन दलात नोकरी केलेला, दुसरा संगणकवाला. ते दोरी लावत लावत पुढे जात होते. रिळावरची दोरी संपत आली म्हणून पाण्याबाहेर डोकं काढलं, आणि मुलं दिसण्याआधी त्यांचा वास आला. पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथे होते, ते त्या दिवसांत वर्तमानपत्रात वाचून आमच्या घरात जो आनंद झाला तो अजून आठवतो.

८ ते १० जुलै या तीन दिवसांत, गुंगीचं औषध दिलेल्या मुलांना एकेक करून, त्या गढूळ पाण्यातून दोरी चाचपडत बाहेर आणलं. शेवटच्या दिवशी एका पाणबुड्याच्या हातातून दोरी सुटली. दुसऱ्या हातात बेशुद्ध मुलगा. काही दिसत नाही. चाचपडताना एक विजेची तार हाताला लागली, ती धरून तो मागच्या दालनात परतला आणि तिथून पुन्हा वाट धरली गेली. तेरा जण वाचले. पण ६ जुलैला, हवेच्या टाक्या आत ठेवून परतताना, सामान गुनान हा थाई नौदलाचा माजी जवान गेला होता. पाण्यातला संसर्ग होऊन आणखी एक जवान पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात गेला.

भाच्याला मी हे लिहिलं तर त्याचा लगेच उलटा प्रश्न. "मग तुमच्या त्या मास्तरांचं काय झालं?"

सांगायचं टाळत होतो. मेक्सिकोत झाकातोन नावाचा एक पाण्याचा प्रचंड खड्डा आहे, आमच्या विहिरीसारखा गोल, पण तळ कोणी पाहिलेला नव्हता. ६ एप्रिल १९९४ला एक्सली आणि जिम बाउडेन असे दोघे आपापल्या दोरीला धरून त्यात उतरले. हजार फुटांखालचा तळ गाठायचा होता. बाउडेनने २८२ मीटरवर पाहिलं, हवा अपेक्षेपेक्षा फार संपली आहे, आणि तो मागे फिरला. तासन्‌तास टप्प्याटप्प्याने थांबत वर आला. एक्सलीच्या दोरीजवळचे बुडबुडे मात्र केव्हाच थांबले होते. वर मदतीला असलेल्यांत त्याची पूर्वीची पत्नीही होती, तिला ते आधी कळलं.

तो पंचेचाळीस वर्षांचा होता. तीन दिवसांनी त्याची दोरी वर ओढली तेव्हा तिच्याबरोबर तोही आला. दोरी त्याच्या अंगाभोवती गुंडाळलेली होती. खोलीच्या यंत्रावर सुमारे २७० मीटरचा आकडा होता. नेमकं काय बिघडलं, ते कोणालाच कळलं नाही. त्याच्या काही सहकाऱ्यांना वाटतं की आपण वर जात नाही हे समजल्यावर त्याने ती दोरी स्वतःच गुंडाळून घेतली, कोणाला आपलं प्रेत शोधायला खाली उतरावं लागू नये म्हणून. इतरांची प्रेतं शोधायला तो स्वतः किती वेळा उतरला होता! मला हे पटतं. पुरावा नाही, पण पटतं.

२००७ साली अमेरिकेच्या नासाच्या पैशांतून बनवलेलं एक स्वयंचलित यंत्र झाकातोनमध्ये सोडलं. तळ लागला ३०० मीटरच्या पुढे, ३२०च्या जवळपास. त्या यंत्राने भिंतींचे नमुनेही वर आणले. एक्सली होता तिथून आणखी पन्नासेक मीटर खाली.

भाच्याला मी अजून उत्तर पाठवलेलं नाही. आज दादाच्या मुलाला फोन केला होता, विहिरीची चौकशी करायला. तो म्हणाला, काका, ती बुजवली. कपार होती ती बाजू आधी बुजवली, मग बाकीची.