पेठेचा कौल व जुईनगरच्या परिसरांतील स्थानकें

ओसाड जागीं बाजार कसा वसवावा, हा प्रश्न राजसत्तेस नवा नाहीं. नुसत्या हुकुमानें दुकानें उघडत नाहींत, आणि नुसत्या व्यापाऱ्याच्या हिमतीवर रस्ते व चौकी-पहारा उभा राहत नाहीं. दोघांनीं भार वांटून घ्यावा, ही कल्पना अलीकडे सार्वजनिक-खाजगी भागीदारी या नांवानें मांडली जाते. तिचें पूर्वरूप आमच्या मतें पेठांच्या कौलनाम्यांत पाहिलें पाहिजे.

कौल म्हणजे अभयवचन. पेठ वसवूं इच्छिणाऱ्या गृहस्थास सरकार जागा नेमून देई, ठराविक मुदतीपर्यंत जकात व मोहतर्फा यांत सूट देई, आणि उदमी लोकांस वेठबिगार माफ करी. त्या गृहस्थानें परगांवचे उदमी व कसबी आणून घरें-दुकानें उभीं करवावीं, ही अट असे. मोबदला म्हणून शेटेपणाचें वतन मिळे. दुकानांवरील हक्क व बाजारांतील मान त्याच्या वंशांत चालत. पेठ ओस पडली तर सरकारची जकात बुडे आणि शेट्याचा हक्कही बुडे. व्यवस्थेचें मर्म येथें आहे. पुण्यांत शुक्रवार पेठ १७३४ च्या सुमारास जिवाजीपंत खासगीवाले यांनीं वसविली, ती अशाच सरकारी आश्रय व खाजगी उद्योग यांच्या मेळानें.

आतां ठाण्याच्या खाडीपलीकडे वळूं. सिडको ही सरकारी कंपनी मार्च १९७० मध्यें स्थापन झाली व ९५ गांवांच्या जमिनींवर नवी मुंबई योजिली गेली. रेल्वेच्या खर्चाचे ६७ टक्के सिडकोनें व ३३ टक्के रेल्वेनें सोसावे, असा ठराव झाला. मानखुर्दहून वाशीपर्यंत गाडी १९९२ मध्यें आली. १९९३ मध्यें ती जुईनगरवरून नेरूळास पोंचली. पुढें २००४ मध्यें ठाण्याकडील मार्गावर वाहतूक सुरू होऊन जुईनगर हें दोन मार्गांच्या संगमावरील स्थानक झालें. शेजारीं तुर्भ्यास मुंबईचा घाऊक कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्यें, आणि फळें व भाजीपाला १९९६ मध्यें हलविण्यांत आला.

परंतु खरी भागीदारी जुईनगरपासून दुसऱ्या स्थानकावर, सीवूड्स-दारावे येथें, दिसते. स्थानक व त्याभोंवतीं व्यापारी संकुल उभारण्याचें काम सिडकोनें २००८ मध्यें लिलावानें लार्सन अँड टुब्रो कंपनीस दिलें. जागा सुमारें ४० एकर होती. संकुलांतील बाजार २०१७ मध्यें खुला झाला. जागा सरकारची, भांडवल व बांधणी कंपनीची, आणि गिऱ्हाईक रेल्वेनें आणावयाचें, अशी ही योजना. येथें कंपनी शेट्याच्या जागीं आहे. भेद इतकाच कीं, शेट्याचा हक्क वंशपरंपरा चाले, तर सिडकोच्या जमिनी सामान्यतः ६० वर्षांच्या पट्ट्यानें दिल्या जातात.

मात्र करारांत दोनच पक्ष दिसले तरी जमिनीस तिसरा पक्ष असतो. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनांत जानेवारी १९८४ मध्यें जासई परिसरांत गोळीबार होऊन पांच आंदोलक मृत्यु पावले. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकांस देण्याची योजना आली. तिसऱ्या पक्षाचा वांटा प्रथमच लिहून ठेवला असता, तर एवढें मोल द्यावें लागलें नसतें, असें आम्हांस वाटतें.

कौलाचा कागद शेट्याच्या घरीं जपला गेला, म्हणून कोणीं काय कबूल केलें हें आज सांगतां येतें. सिडकोचे करार कचेरींत राहतील. तिसऱ्या पक्षाचे कागद मात्र खाडीकांठच्या घरांतच आहेत. भूसंपादनाच्या नोटिसा, जुने सातबारे, वांटपाचीं पत्रें यांवर मोडी अक्षर नाहीं, शिक्का-मोर्तब नाहीं. म्हणून संग्राहक त्यांकडे पाहत नाहींत, आणि घर पाडून इमारत उठते तेव्हां तीं रद्दींत जातात. संग्राहकांनीं कौलनाम्यांच्या शेजारीं त्यांस जागा द्यावी, अशी आमची विनंती आहे.