दारावरची थाप

कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींस ठाऊक आहे, फाईल उघडणे सोपे. ती बंद करण्याची सही करावयास मात्र कोणी धजत नाही. उत्तर प्रदेशातील खरक सिंग यांची गोष्ट अशीच. १९४१ साली दरोड्याच्या आरोपावरून त्यांस धरले, पुराव्याअभावी सोडले. परंतु पोलिसांनी त्यांच्या नावाचे ‘हिस्टरी-शीट’ उघडले ते उघडलेच. मग घरावर गुप्त पहारा, जाण्यायेण्याची नोंद, आणि रात्री-अपरात्री चौकीदाराची दारावर थाप.

१८ डिसेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही रात्रीची घरभेट तेवढी घटनाबाह्य ठरविली. पाळत राहिली, खाजगीपणाचा हक्क घटनेने दिलेलाच नाही, असे बहुमत पडले. त्या बहुमतात आपले न्यायमूर्ती मुधोळकरही होते, हे आम्हांस जरा बोचते. दरोडेखोरांवर नजर नको, असे कोण म्हणेल? पण हा तर सुटलेला माणूस! सुब्बा राव आणि शहा या दोघांनी मात्र सगळा नियमच अवैध मानला. पाठीवर सतत डोळे असलेला मनुष्य मोकळा फिरतो, हे सुब्बा रावांस पटेना.

त्यांचे म्हणणे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने उचलून धरले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. चौघांच्या वतीने तो निर्णय लिहिणारे होते धनंजय चंद्रचूड.