आचेवरचे टोस्ट सँडविच
दाबून भाजलेले सँडविच महाराष्ट्रात रुजले ते मुंबईच्या फुटपाथांवर. इटलीचे पानिनी इथे बऱ्याच उशिरा, कॉफीच्या दुकानांतून आले. मुंबईचा टोस्टर म्हणजे लांब दांड्यांचे, मिटणारे दोन ॲल्युमिनियमचे साचे. ब्रेडला लोणी आणि हिरवी चटणी फासायची, उकडलेला बटाटा, बीट, काकडी, कांदा रचून मसाला भुरभुरायचा, साचा आवळून आचेवर उलटसुलट शेकायचा. ऑस्ट्रेलियात ब्रेव्हिल कंपनीने १९७४मध्ये विजेचा टोस्टर आणला. पुढे तसली यंत्रे इकडच्या घरांतही आली. खरपूस कडा मात्र आचेवरच्या साच्यालाच साधते. सँडविचची कोथिंबीर-मिरचीची चटणी महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांत चालते.