खातेदाराचा शोध: एका साध्या फाइलीचा मागोवा

एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, ही कल्पना १९६१ साली एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस या प्रणालीच्या रूपाने चालवून दाखवली. यंत्र सामायिक झाले, तसे ‘समोर बसलेला कोण?’ हे यंत्राला ठरवावे लागू लागले. त्यानंतर दशकभराने, नोव्हेंबर १९७१ मध्ये, बेल लॅब्समध्ये युनिक्स या प्रणालीचे पहिले माहितीपुस्तक तयार झाले. त्यात आपल्याला पासवर्ड फाइल भेटते: साधा मजकूर, एका ओळीत एक खातेदार, रकान्यांमध्ये अपूर्णविराम. नाव शोधायचे तर फाइल उघडून पहिल्या ओळीपासून वाचत जायचे. मोजक्या संशोधकांसाठी हे पुरेसे होते, आणि त्या साधेपणाचे मोल पुढे कळणार होते.

अडचण उभी राहिली ती विद्यापीठांत, जिथे खातेदार हजारांनी वाढले. युनिक्सच्या गाभ्याला माणसाचे नाव ठाऊक नसते, फक्त क्रमांक. प्रत्येक फाइलीवर मालकाचा क्रमांकच नोंदलेला असतो. त्यामुळे फाइलींची सविस्तर यादी मागितली, की क्रमांकाचे नाव करण्यासाठी तीच पासवर्ड फाइल चाळावी लागे. लॉगिनला तेच, टपाल पोहोचवतानाही तेच. दहा हजार ओळी असतील, तर एका शोधात सरासरी पाच हजार ओळी वाचाव्या लागत.

उपायाचे मूळ पाहायला आपण आणखी मागे जाऊ. कापड उद्योगातून आलेले आयबीएमचे अभियंता हान्स पेटर लून यांनी जानेवारी १९५३ मध्ये कंपनीअंतर्गत एका टिपणात हॅशिंगची कल्पना मांडली: नावावरच गणित करायचे आणि आलेल्या उत्तरावरून नोंदीची जागा काढायची. बँकेच्या कार्डावरचा शेवटचा तपास-अंक त्यांच्याच सूत्राने निघतो, पण हॅशिंगसोबत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते. ही कल्पना युनिक्समध्ये रुजवली केन थॉम्पसन यांनी. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील त्यांचे डीबीएम हे साधन हवी ती नोंद डिस्कच्या एकदोन वाचनांत आणून देई.

१९८६ साली बर्कलीच्या ४.३बीएसडी या युनिक्स आवृत्तीने हे दोन धागे जोडले. मूळ पासवर्ड फाइल जशीच्या तशी ठेवून तिच्यावरून डीबीएमची अनुक्रमणी तयार केली, एक वाट नावाने आणि दुसरी क्रमांकाने. अनुक्रमणी नसेल, तर शोध पूर्वीसारखा ओळीओळीने चाले. शोधाची हाक तीच राहिल्याने जुन्या प्रोग्रॅमच्या मजकुरात बदल करावा लागला नाही. मला हा या इतिहासातील सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. माणसाला वाचता येईल ते अस्सल, यंत्राला वेगाने वाचता येईल ती नक्कल, हा क्रम त्यांनी ढळू दिला नाही. सन या कंपनीच्या ‘यलो पेजेस’ने, म्हणजे पुढच्या एनआयएसने, नावाचे आणि क्रमांकाचे असेच दोन डीबीएम नकाशे जाळ्यावर नेले. पुढे १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातून एलडॅप ही निर्देशिका-पद्धत आली आणि नोंदी स्वतंत्र सर्व्हरवर गेल्या.

तरी जुनी वाट बुजलेली नाही. आजच्या फ्रीबीएसडी या बीएसडीच्याच वंशातील प्रणालीवर प्रशासक ‘व्हीआयपीडब्ल्यू’ या आज्ञेने मजकुराची फाइल दुरुस्त करतो, जतन होताच तिच्यावरून हॅश केलेली प्रत नव्याने बांधली जाते, आणि स्थानिक खात्यांचा शोध त्याच प्रतीत होतो.